किती माणसं गरीब? दांडेकर-सुखात्मे वादाचा प्रकरण अभ्यास

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक प्रश्न हमखास येतो: वास्तववादी आणि आदर्शवादी अर्थशास्त्रातला फरक स्पष्ट करा. विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतात. डावीकडे 'काय आहे', उजवीकडे 'काय असावं'. डावीकडे "बेरोजगारी वाढली आहे", उजवीकडे "सरकारने रोजगार द्यावा". मीही कितीतरी वर्षं असंच शिकवलं आणि "भारतात अमुक टक्के लोक गरीब आहेत" हे वाक्य न अडखळता डावीकडे लिहीत आलो. आकडा बरोबर असेल किंवा चूक असेल, त्यात तुमच्या-माझ्या आवडीनिवडीचा काय संबंध, अशी माझी समजूत होती.

ती समजूत ज्या प्रकरणाने मोडली ते पुण्यात घडलं. एका बाजूला गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, दुसऱ्या बाजूला पां. वा. सुखात्मे. दोघंही मूळचे संख्याशास्त्राचे, नमुना पाहणीत मुरलेले. दोघांनाही गरिबाविषयी मनापासून कळकळ. दोघांच्या टेबलावर राष्ट्रीय नमुना पाहणीचे तेच तक्ते. दांडेकरांच्या मोजणीत ग्रामीण भारतातली शंभरातली चाळीस माणसं रेषेखाली येत होती. सुखात्म्यांच्या हिशेबाने ज्यांच्या पोटाला खरोखर कमी पडतं अशी माणसं त्याहून कितीतरी कमी होती. मोजणारे प्रामाणिक, सामग्री एक, आणि निष्कर्षांत कोट्यवधी माणसांचा फरक. हा फरक कुठून आला ते शोधायचं, म्हणजे वास्तववादी अर्थशास्त्राच्या पायाशी खणायचं.

थोडं मागे जावं लागेल. १९६२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने एक कार्यगट बसला. त्यात गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. त्यांनी १९६०-६१ च्या किमतींना धरून माणशी महिना २० रुपये हा किमान खर्च ठरवला. आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च त्यात धरला नाही, कारण ती जबाबदारी सरकारची, असं मानलं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकार शाळा आणि दवाखाना पुरवेल हे त्या २० रुपयांच्या पोटात गृहीत होतं. शाळा-दवाखाना आला नाही तरी आकडा २० च राहिला.

दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी हे २० रुपये जसेच्या तसे घेतले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोन भागांत आलेला त्यांचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला. पद्धत साधी होती आणि म्हणूनच टिकली. माणशी दिवसाला २२५० उष्मांक ही गरज धरली. मग नमुना पाहणीच्या खर्चगटांकडे पाहिलं. महिन्याला माणशी ८ रुपयांच्या आत खर्च करणारे, मग ८ ते ११, ११ ते १३, १३ ते १५, १५ ते १८, असे ते गट चढत जातात. कोणत्या गटाशी आल्यावर कुटुंबं आपल्या नेहमीच्या सवयीने जेवून सरासरी २२५० उष्मांकांपर्यंत पोचतात? ग्रामीण भागात ती पातळी महिन्याला १५ रुपयांच्या जरा खाली निघाली, शहरात साडेबावीसच्या आसपास. त्याखाली १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येचे सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचे सुमारे ५० टक्के लोक होते.

या तक्त्यांमागे काय असतं ते डोळ्यांपुढे आणायला हवं. पाहणीचा माणूस एखाद्या घरी ओसरीवर बसतो आणि विचारतो: गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती लागली? विकतची किती, घरची किती? तूरडाळ? गोडं तेल? गूळ? चहाची भुकटी? बाई आठवून सांगते. ज्वारी पायलीने सांगते, तेल छटाकाने, भाजी रुपयांत. घरच्या ज्वारीला भाव लावावा लागतो. शेतावर कांदा-भाकर देऊन कामाला बोलावलं असेल, तर ती भाकरी कोणाच्या घराच्या नावावर लिहायची हा प्रश्न येतो. घरात ताट कोणाला आधी, कोणाला शेवटी हे पत्रकात कुठेच येत नाही. नोंद घराची होते, मग माणशी भागाकार. म्हणजे दांडेकर आणि सुखात्मे या दोघांच्याही हातात सासूच्या आणि सुनेच्या वाट्याची एकच सरासरी होती. पुढच्या सगळ्या वादात ही उणीव कायम राहिली, आणि ती दोघांपैकी एकाची नव्हे.

दांडेकर-रथ यांच्या रेषेत उष्मांकांचं काम खुंटीचं आहे. रेषा खर्चाची, ती कुठे ठोकायची हे ठरवायला उष्मांक वापरले. १५ रुपयांच्या पातळीवरचं कुटुंब सगळे पैसे धान्यावर घालत नाही. त्यातच सरपण, धडुतं, दिव्याचं रॉकेल, लेकीला माहेरपणाला आणण्याचा खर्च. हे लक्षात ठेवायचं, कारण सुखात्म्यांचा हल्ला नेमका याच खुंटीवर आला.

सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनमध्ये संख्याशास्त्राचं शिक्षण, मग दिल्लीत कृषी संशोधनात काम, आणि १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम करू लागले. जगातली भूक मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस म्हणत होता की आपण भूक चुकीची मोजतो आहोत.

त्यांचं म्हणणं असं. गरज ही एक संख्या नसते. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या, एकसारखं काम करणाऱ्या दोन माणसांची गरज वेगळी असते. शिवाय तोच माणूस आज कमी खातो, उद्या जास्त. शरीर आपला खर्च त्याप्रमाणे जुळवून घेतं आणि वजन व काम सांभाळून राहतं. अमेरिकन वैद्य शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर त्यांनी याला समस्थितीचं गणिती रूप दिलं. आता जर गरज हा पट्टा असेल, तर त्या पट्ट्याच्या मध्यावर रेषा मारून खालच्या सगळ्यांना उपाशी ठरवणं चूक. धडधाकट माणसांपैकीही साधारण निम्मी माणसं कोणत्याही दिवशी सरासरीच्या खाली असणारच. म्हणून त्यांनी रेषा सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं (माणसामाणसांतल्या गरजा सरासरीभोवती किती पसरलेल्या आहेत त्याचं माप) खाली नेली. तिच्याही खाली जो आहे त्याच्याबद्दल आपण जवळपास खात्रीने म्हणू शकतो की त्याला कमी पडतं आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. गरजेची सरासरी २४०० आणि प्रमाण विचलन २०० असं धरा. दांडेकरांची खुंटी २४०० वर. सुखात्म्यांची २००० वर. रोज २१०० उष्मांक खाणारी शेतमजूर बाई पहिल्या हिशेबात रेषेच्या खाली, दुसऱ्या हिशेबात वर. ताट तेच, भाकरी तेवढ्याच.

दांडेकरांनी १९८१ आणि १९८२ मध्ये त्याच साप्ताहिकातून उत्तरं दिली, एकदा दारिद्र्याच्या मोजमापावर, एकदा अल्पपोषणाच्या. वाद चांगलाच तापला. अर्थतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ सगळे त्यात उतरले. व्ही. के. आर. व्ही. राव बोलले, टी. एन. श्रीनिवासन बोलले, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी फार परखडपणे लिहिलं. तेव्हाचे ते लेख आज वाचतानाही दिसतं की माणसं एकमेकांचं म्हणणं नीट वाचून वाद घालत होती.

इथे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांना आणायला हवं. वास्तववादी अर्थशास्त्राच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध १९५३ चा. त्यात दोन दावे आहेत, आणि विद्यार्थ्यांना सहसा एकच सांगितला जातो. तो असा की सिद्धान्ताची परीक्षा त्याच्या गृहीतकांच्या खरेपणावरून करू नका, त्याची भाकितं खरी ठरतात का ते बघा. दुसरा दावा मला जास्त रोचक वाटतो: आर्थिक धोरणावर निःस्वार्थ माणसांचे जे मतभेद होतात, ते बहुतेक वेळा मूल्यांचे नसतात, परिणामांबद्दलच्या वेगवेगळ्या अंदाजांचे असतात; म्हणून वास्तववादी अर्थशास्त्र पुढे सरकेल तसे ते मिटत जातील.

दांडेकर आणि सुखात्मे ही या दाव्यासाठी जणू मुद्दाम निवडलेली जोडी आहे. स्वार्थ कोणाचाच नाही. मग पुरावा वाढल्यावर मतभेद मिटला का?

काही भाग मिटला, आणि तो भाग मोलाचा आहे. शरीर कमी अन्नाशी विनामूल्य जुळवून घेतं, हे विधान तपासता येण्यासारखं होतं. सुखात्मे-मार्जेन यांच्या गणिताला ब्रिटिश सैन्यातल्या नव्या भरतीच्या जवानांवर केलेल्या मोजमापांचा आधार होता. टीकाकारांनी तिथेच बोट ठेवलं. जवानाला भटारखान्यात हवं तेवढं मिळतं. आज तो कमी खातो, उद्या भरून काढतो. त्याच्या आहारातला चढउतार म्हणजे त्याच्या गरजेतला चढउतार, असं म्हणता येत नाही. आणि ज्या मजुराला उद्याही तेवढंच मिळणार आहे त्याच्याबद्दल तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. दीर्घकाळ कमी खाणाऱ्या शरीरात काय होतं याचा पुरावा वेगळा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीरांनी जुळवून घेतलं हे खरं, पण ते वजन सुमारे चतुर्थांशाने घटवून आणि हालचाल आवरती घेऊन. माणसं जिना टाळू लागली, गप्प झाली, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली. तो प्रयोग टोकाचा होता. सुखात्मे मर्यादित पट्ट्याबद्दल बोलत होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. तरी दिशा स्पष्ट झाली. जुळवून घेण्याची किंमत असते, आणि ती बहुधा उंचीत, वजनात, कामात आणि मुलांच्या खेळण्यात मोजली जाते.

दुसऱ्या एका बाबतीत पुरावा सुखात्म्यांच्या बाजूने गेला. ते सतत सांगत होते की नुसतं धान्य वाढवून भागणार नाही. गढूळ पाणी आणि जुलाब यांमुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून पाणी आणि स्वच्छता आधी. केरळात उष्मांकांचे आकडे कमी असूनही बालमृत्यू कमी होते, ही तेव्हाची सगळ्यांना छळणारी गोष्ट होती. आज मुलांच्या खुंटलेल्या वाढीवर बोलताना शौचालय आणि पाणी यांचा विचार कोणी टाळू शकत नाही. त्या काळात हे ठासून सांगायला धैर्य लागत होतं, कारण ऐकणाऱ्याला ते "भूक फारशी नाही" असं ऐकू येत होतं.

इथवर फ्रीडमन यांचं म्हणणं चालतं. पण समजा शरीरशास्त्राचे सगळे प्रश्न सुटले. प्रत्येक वयाच्या, प्रत्येक कामाच्या माणसाच्या गरजेची सरासरी आणि विचलन आपल्याला बिनचूक माहीत झालं. तरीही रेषा २४०० वर मारायची की २००० वर?

एकेका माणसाची गरज आपण मोजलेली नाही, तेव्हा कुठेही रेषा मारली तरी दोन चुका होणार. कोणाला पुरेसं मिळत असूनही तो रेषेखाली मोजला जाईल. कोणाला कमी पडत असूनही तो वर मोजला जाईल. रेषा खाली नेली की पहिली चूक कमी होते, दुसरी वाढते. दोन प्रमाण विचलनं खाली जाणं म्हणजे असं म्हणणं की प्रत्येक माणूस पोटभर जेवलेला आहे असं आम्ही धरून चालू, आणि उपाशी असल्याचा जवळपास निर्विवाद पुरावा मिळेल तेव्हाच त्याला उपाशी मानू. न्यायालयात आपण आरोपीला संशयाचा फायदा देतो, कारण निरपराध माणसाला शिक्षा होणं आपल्याला फार वाईट वाटतं. इथे संशयाचा फायदा कोणाला मिळतो? भुकेल्याला तरी नाही. उलट कोणी धरलं की प्रत्येक माणूस उपाशी आहे, आणि पोट भरल्याची खात्री पटल्याशिवाय त्याला रेषेवर चढवायचं नाही, तर रेषा सरासरीच्या दोन विचलनं वर जाईल आणि जवळपास सगळा देश गरीब ठरेल. संख्याशास्त्र या दोन टोकांमधली कुठलीही जागा बिनचूक आखून देईल. कोणती जागा घ्यायची हे सांगायला मात्र कोणती चूक किती वाईट हे आधी ठरवावं लागतं, आणि ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

योगायोग असा की फ्रीडमन यांचा निबंध आला त्याच १९५३ साली रिचर्ड रडनर या अमेरिकन तत्त्वज्ञाने नेमका हा मुद्दा मांडला होता: शास्त्रज्ञ एखादं गृहीतक स्वीकारतो तेव्हा पुरावा पुरेसा आहे असं तो ठरवत असतो, आणि 'पुरेसा' म्हणजे किती हे चुकल्यास होणाऱ्या नुकसानावर अवलंबून असतं. अर्थशास्त्राच्या वर्गात फ्रीडमन पोचले, रडनर पोचले नाहीत. ते पोचायला हवे होते असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणखी एक बारीक गाठ होती, ती श्रीनिवासन यांच्यासारख्यांनी दाखवली. खरं तर मोजायला हवं ते हे की किती माणसांचा आहार त्यांच्या स्वतःच्या गरजेपेक्षा कमी आहे. त्यासाठी आहार आणि गरज एकत्र कसे बदलतात हे माहीत हवं. ऊस तोडणारा जास्त खातो कारण त्याला जास्त लागतं. बैठं काम करणारा कमी खातो कारण त्याला कमी लागतं. नमुना पाहणीत आहार आहे, गरज नाही. ही सांगड माहीत नसताना सरासरीची रेषा आणि खालची रेषा या दोन्ही तडजोडी होत्या. दांडेकरांची तडजोड त्यांच्या हेतूला मात्र चांगली जमते, कारण त्यांना खर्चाची एक पातळी हवी होती, जिथे मोठ्या गटाची सरासरी बघितली की माणसामाणसांतले चढउतार बरेचसे एकमेकांना काटतात. सुखात्मे एकेका माणसाच्या पोटाकडे बघत होते. एक दारिद्र्य मोजत होता, दुसरा अल्पपोषण. दोन्ही गोष्टींना 'भूक' हा एकच शब्द वापरला गेल्यामुळे वाद निम्म्याने वाढला, असं माझं मत आहे.

मग दारिद्र्याचा आकडा उजव्या रकान्यात टाकायचा का? माझे काही विद्यार्थी इथे घाईने तिकडे उडी मारतात: "म्हणजे सर, शेवटी हे ज्याच्या त्याच्या मतावरच ना?" तसं नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला अजूनही सगळ्यात नेमकं वाटतं. समाजात किमान गरज कशाला म्हणतात याबद्दल काही समजुती रूढ असतात. त्या समजुती 'असावं'च्या भाषेत असतात, पण त्या आहेत, ही वस्तुस्थिती आहे, आणि तिचं वर्णन करणं हे वर्णनच आहे. पायात वहाण हवी, पोराला शाळेत पाठवायला एक धड सदरा हवा, हे गाव मानतं की नाही ते जाऊन बघता येतं. दांडेकर-रथ यांनी कुटुंबांच्या नेहमीच्या सवयीचा खर्च धरला, त्यात ही जाण आहे. निव्वळ स्वस्तात स्वस्त उष्मांकांची गोळाबेरीज केली असती, तर रेषा बरीच खाली आली असती आणि त्या रेषेवरचं जेवण कोणत्याही घरात कोणी जेवत नसतं.

मूल्यं मोजमापात कुठे शिरतात ते बघायचं असेल, तर उष्मांकांच्या गरजेची व्याख्याच वाचावी. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्ये एकत्र बसून ती नव्याने लिहिली, अहवाल १९८५ मध्ये छापला गेला. तिचा आशय असा की दीर्घकाळ आरोग्य टिकेल असा शरीराचा आकार आणि हालचाल असताना जो ऊर्जाखर्च होतो तो भरून काढणारा आहार म्हणजे गरज; आणि त्या हालचालीत आर्थिकदृष्ट्या आवश्यक तसंच सामाजिकदृष्ट्या इष्ट असलेली हालचालही आली. 'इष्ट'. शरीरशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या, किलोकॅलरीत मोजल्या जाणाऱ्या व्याख्येत हा शब्द आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर पोराला कडेवर घेऊन देवळापर्यंत जाण्याइतकं त्राण बाईच्या अंगात उरावं की नाही, याचं उत्तर त्या शब्दात आहे. तो शब्द तिथून काढला तर व्याख्या जास्त शास्त्रीय होत नाही. मग गरज म्हणजे नुसतं जिवंत राहण्यापुरतं, असा दुसरा निर्णय गुपचूप होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं आणखी एक ओळखीचं रूप सांगता येईल. प्रादेशिक असमतोलावर राज्य सरकारने १९८३ मध्ये नेमलेली समितीही दांडेकरांचीच, आणि नाव होतं सत्यशोधन समिती. १९८४ च्या अहवालात ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष निघाला. अनुशेष मोजला राज्याच्या सरासरीपासून. सरासरी हा आकडा आहे, पण जिल्ह्याला निदान सरासरीइतकं तरी मिळायला हवं, हा न्यायाचा विचार आहे. विदर्भ-मराठवाड्यात त्या आकड्यावर पुढे इतकं राजकारण झालं ते उगीच नाही.

देशाच्या दारिद्र्यरेषेचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक धरले. १९७३-७४ च्या किमतींना महिन्याला माणशी ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे. म्हणजे सरकारी कागदावर खुंटी सरासरीचीच राहिली. नंतर फक्त महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली. लोकांच्या खर्चाची घडी बदलली, सरपण विकत घ्यावं लागलं, दवाखाना आणि शाळा खिशातून भरावी लागली, आणि त्या रकमेत पूर्वीइतके उष्मांक येईनासे झाले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांची खुंटीच सोडली आणि शिक्षण-आरोग्याचा खर्च हिशेबात धरला. २००४-०५ या एकाच वर्षाचं, एकाच पाहणीतलं दारिद्र्य २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्के झालं. दहा कोटींहून जास्त माणसं नव्या हिशेबात रेषेच्या आत आली, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही घरात त्या दिवशी काही बदललं नव्हतं. २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये हे आकडे सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रातून बाहेर आले तेव्हा देशभर संताप झाला. लोक गणितावर रागावले नव्हते. रेशनकार्डाचा रंग या रेषेला बांधलेला होता.

माझा कल विचाराल तर दारिद्र्य मोजताना दांडेकरांकडे, आणि पाणी-स्वच्छतेवर पैसे घालताना सुखात्म्यांकडे. कोणती चूक मला जास्त डाचते तेही सांगतो. धडधाकट माणसाला चार किलो धान्य जास्त गेलं, तर तिजोरीचं नुकसान होतं, ते मोजता येतं आणि भरून काढता येतं. दोन वर्षांच्या पोराची चुकलेली वाढ भरून काढता येत नाही. हे माझं मूल्य आहे आणि मी ते उघड मांडतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला कुठे हात घालायचा ते कळेल.

हे प्रकरण वर्गात शिकवत असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या आईकडे तक्ता असतो ना, त्याच्यावर पण ही दोन विचलनांची रेघ आहे." तिची आई अंगणवाडी सेविका. मी एका महिन्याच्या वजनाच्या दिवशी तिकडे गेलो. तक्त्यावर हिरवा पट्टा, खाली पिवळा, त्याखाली केशरी. हिरवा संपतो तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांचं उणे दोन विचलन. ती मानकं सहा देशांतल्या चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांवरून बनवली, त्यात दिल्लीची मुलंही होती, आणि पुरेसं दूध, पाणी, आरोग्य मिळालं तर आपली मुलंही जगातल्या इतर मुलांसारखीच वाढतात असं दिसलं. आपली माणसं मुळातच लहान चणीची असतात, या जुन्या म्हणण्याला मिळालेलं हे उत्तर होतं. संघटनेने स्पष्ट म्हटलं आहे की हा तक्ता मुलं कशी वाढतात ते सांगत नाही, कशी वाढायला हवीत ते सांगतो.

दोन वर्षांच्या मुलीसाठी हिरव्याची खालची कड ९ किलोला येते. निरोगी मुलींतही शंभरातल्या दोन-तीन त्याखाली असणार, आणि खंगलेल्यांपैकी काही वर राहणार. ताईंनी एका मुलीला काट्याच्या झोळीत ठेवायच्या आधी तिच्या पायातले वाळे काढले, हातातली कडी काढली, ओला झालेला झबला बदलला. पोरगी रडत होती, काटा हलत होता. तो स्थिर होईपर्यंत ताई थांबल्या. ९.१ किलो. मोबाईलवर भरलं, पट्टा हिरवा आला. मग त्यांनी वही उघडून मागचे दोन महिने बघितले. ९.१, ९.१. वहीच्या शेवटच्या पानावर सात-आठ नावांची एक यादी होती, तिच्या खाली त्यांनी या मुलीचं नाव लिहिलं आणि आईला म्हणाल्या, "हिरव्यात आहे ती, पण तीन महिने काटा जागचा हलला नाही बघ. बुधवारी तिला घेऊन ये परत. आणि पाणी कुठलं भरतेस गं सध्या?"